सतरा टायर आणि साठ यार्ड

माझा वाढदिवस माझ्या मावशीच्याही लक्षात राहत नाही, पण माझी वेळ अख्ख्या कान्देलारिया गावाला पाठ होती. साठ यार्ड, सहा पॉइंट चार सेकंद. दुकानासमोर डॉमिनो खेळणारे म्हातारे मला लुइसांदी म्हणतच नसत. "काय सहा-चार, जेवलास का?" एवढंच. चर्चमध्ये फादरसुद्धा माझ्या जिभेवर प्रसादाची चकती ठेवताना घाई करायचे. मी थांबणार नाही असं त्यांना वाटत असावं.

वेग सोडला तर माझ्यात बेसबॉलचं फार काही नव्हतं. माझ्या हातात असताना बॅट आणि चेंडू लांबच्या भाऊबंदांसारखे वागत, म्हणजे वर्षातून दोनदा भेट, तीही ओझरती. फेकीचं म्हणाल तर मैदानाच्या कडेवरून मी फेकलेला चेंडू होम प्लेटपर्यंत जाईस्तोवर समोरचा गडी धाव काढून, पाणी पिऊन, हेल्मेट जागेवर ठेवून यायचा. पण वेग होता. "वेग शिकवता येत नाही," असं आमचे प्रोफे चिची म्हणायचे. बाकी सगळं शिकवता येतं असंही म्हणायचे, आणि सहा वर्षं शिकवत होते.

प्रोफे म्हणजे आमचे मास्तर. साठी गाठलेले, पोट पुढे, टोपी त्याहून पुढे. तरुणपणी एका चेंडूने त्यांचा उजवा अंगठा मोडला होता, आणि आमच्या सगळ्यांचं भविष्य त्या अंगठ्यात होतं. साठ यार्ड पळताना पळणाऱ्याचं अंग हललं की घड्याळ चालू करायचं आणि छाती रेषेवरून गेली की बंद करायचं, असा नियम आहे. प्रोफेंचा अंगठा चालू करताना जरा कुरकुरायचा आणि बंद करताना आपल्याच वजनाने लवकर पडायचा. त्यामुळे प्रत्येकाला एक दशांश सेकंदाचा आहेर मिळायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या मास्तरांचे अंगठे असेच असतात, आणि क्लबसाठी पोरं निवडणारे पारखी तेवढं मनातल्या मनात वजा करूनच घेतात.

आमचा साठ यार्डाचा पट्टा मैदानालगत राहणाऱ्या डोन्या फेफाच्या कुंपणाच्या पांढऱ्या खांबापासून निघायचा आणि टायरांपाशी संपायचा. टायरांचं असं, की आमच्याकडच्या ज्या पोराचा अमेरिकेतल्या क्लबशी करार होतो, तो निघायच्या आदल्या दिवशी एक जुना टायर आणतो, रेषेवर अर्धा पुरतो, वर पांढरा रंग देतो आणि आपलं नाव लिहितो. सगळं गाव जमतं, फादर पाणी शिंपडतात, मुलाची आई रडते, आणि लाउडस्पीकर रात्रीपर्यंत बंद होत नाही. आजवर असे सतरा टायर झाले होते. पहिल्या टायरच्या पलीकडे लगेच कारखान्याच्या उसाचा चर आहे, तेव्हा नवा टायर नेहमी अलीकडच्या बाजूला लागतो, आधीच्याला अगदी खेटून. आणि रेषा म्हणजे सगळ्यात नवा टायर, कारण जुन्या टायरांवरून पळाल तर दात पडतील.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या लक्षात यायला सव्वीस वर्षं लागली.

त्या सव्वीस वर्षांत आमच्या गावातली पोरं दरवर्षी जास्त जास्त वेगवान होत गेली. याचा सगळ्यांना अभिमान होता आणि प्रत्येकाकडे त्याचं कारण होतं. मावशी म्हणायची, ओट्सचं सरबत. फादर म्हणायचे, प्रार्थना. डॉमिनोवाले म्हणायचे, आमच्या वेळी असले बूट कुठे होते. फक्त एक कोडं कुणाला सुटत नव्हतं. इथून गेलेली पोरं तिकडे पोचली की हळू व्हायची. यावर गावाचं मत असं होतं की अमेरिकेतली जमीन जड असते.

मी अठरा वर्षं सात महिन्यांचा होतो. आमच्याकडे करार सोळाव्या वर्षी होतात. सतराव्या वर्षी लोक म्हणतात, "होईल." अठराव्या वर्षी म्हणतात, "मोटारसायकल चालवता येते ना?" म्हणजे प्रवासी वाहायला. मला मोटारसायकलही चालवता येत नव्हती. त्यामुळे प्रोफेंनी जेव्हा सांगितलं की विल्किन पोलांको शनिवारी मला बघायला येतोय, तेव्हा ही शेवटची संधी आहे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तरी सगळ्यांनी सांगितलं.

विल्किन म्हणजे नवव्या क्रमांकाचा टायर. सोळा वर्षांपूर्वी आमच्याच मैदानावरून गेला, तीन वर्षांनी परत आला, आणि आता एका क्लबचा पारखी झालाय.

सोमवारी सरावाला ब्राउलिओने घोळ घातला. ब्राउलिओ आमचा कॅचर, माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याला सगळे फ्रिज म्हणतात. तीन वर्षांत त्याने एकदाही पळायचा सराव केला नव्हता आणि बारा किलोने वाढला होता. त्या दिवशी तो एका हातात चिप्सची पिशवी घेऊन साठ यार्ड पळाला, आणि प्रोफेंचं घड्याळ म्हणालं, सात पॉइंट नऊ.

"माझी वेळ एका दशांशाने सुधारली," ब्राउलिओ बोटं चाटत म्हणाला.

"कशी?" मी विचारलं.

"परिपक्वता."

"फ्रिज, तू मध्ये थांबून पिशवीत हात घातलास. मी पाहिलं."

"न थांबता गेलो असतो तर काय झालं असतं बघ!"

घरी गेलो तरी हे डोक्यातून जाईना. मावशी शिवणकाम करते, संघाचे कपडे तीच शिवते. तिची दीड मीटरची टेप मी उचलली आणि दुपारी सगळे पंख्याखाली असताना ब्राउलिओला घेऊन मैदानावर गेलो. एक टोक त्याने धरायचं, दुसरं मी. सूर्य डोक्यावर आणि जमीन तापलेली. दर दीड मीटरला ब्राउलिओ खाली वाकायचा आणि एक बाळंतपण झाल्यासारखा आवाज काढायचा. साठ यार्ड म्हणजे साडेछत्तीस टेपा. आम्ही चौतीस मोजल्या आणि टायर आला.

"परत मोजू," मी म्हणालो.

"तुझ्या आईच्यान नाही," ब्राउलिओ म्हणाला, आणि टायरावर बसला. सतराव्या. मग तो मागे बघत एकेक टायर मोजू लागला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. फ्रिजचं दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तसा.

"अरे, रेषा चालत आलीय," तो म्हणाला.

पावणेचार मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. त्यात प्रोफेंचा अंगठा धरला तर मी सहा-चार नव्हतोच. मी सात होतो, निव्वळ सात. बँकेत सात सेकंदांत पळणारे शिपाई असतात.

"कुणाला बोलू नकोस," ब्राउलिओ म्हणाला. "या गावात वेळेवर चालणारी ही एकच गोष्ट आहे."

तरी मी प्रोफेंकडे गेलो. माझा प्रामाणिकपणा म्हणाल तर नाही. त्यांनी मला खोटं ठरवावं अशी माझी मनापासून इच्छा होती. ते अंगणात पाय पाण्यात सोडून बसले होते.

"प्रोफे, आपला पट्टा थोडा कमी भरतोय."

"कशाने मोजलास?"

"मावशीच्या टेपने."

"ब्लाउज शिवायचाय का मैदानाला?"

"पावणेचार मीटर कमी आहे, प्रोफे."

"हे बघ सहा-चार, तो पट्टा मी स्वतः कारखान्याच्या सर्व्हेवाल्याकडून मोजून घेतलाय. अठ्ठ्याण्णव साली. साखळी आणली होती त्याने. लोखंडी!"

"अठ्ठ्याण्णव साली बरोबर होता. त्यानंतर—"

"त्यानंतर काय? जमीन आटत नाही, बाळा. कपडे आटतात." त्यांनी पाय बाहेर काढले आणि पुसायला लागले, म्हणजे आता निघ. मी निघालो, आणि खरं सांगायचं तर मला फार हलकं वाटलं. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं, आता माझी जबाबदारी संपली होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी पुन्हा मजेत सहा-चार होतो.

शनिवारी सकाळी विल्किन आला. चौतिशीचा, सडपातळ, दाढी गुळगुळीत, शर्ट खोचलेला. तो रोज पहाटे चारला उठून दहा किलोमीटर पळतो, असं प्रोफेंनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाडीतून त्याने तिवया काढल्या, तिवयांवर बसणारे दिवे काढले. पहिल्या दिव्यासमोरून गेलं की घड्याळ आपोआप चालू होतं, दुसऱ्यासमोरून गेलं की बंद. अंगठ्याचं काम नाही. प्रोफेंनी आपला अंगठा खिशात घातला.

मी गाडीकडेच बघत होतो. आता हा चाक काढणार, अंतर मोजायचं चाक, सगळ्या पारख्यांकडे असतं ते. गाडीत मागच्या सीटवर ते मला दिसतही होतं. विल्किनने पहिली तिवई पांढऱ्या खांबाशी उभी केली. दुसरी घेऊन तो टायरांकडे गेला. तिथे थांबला. नवव्या टायरापाशी बसला, त्यावरचं आपलं फिकट नाव बोटाने पुसलं, टायराला दोन थापट्या मारल्या, म्हशीला मारतात तशा. मग उठून दुसरी तिवई सतराव्या टायरापाशी ठेवली.

"मोजायचं नाही?" प्रोफेंनी विचारलं. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

"प्रोफे, घरचं मैदान मोजतात का?" विल्किन म्हणाला. "हे साठ यार्ड माझ्या तळव्यांना पाठ आहेत."

मी पळालो. कसा पळालो विचारू नका. माझ्या मागे कुणी वाघ सोडला असता तर मला तो कळलाही नसता, कारण मला त्याहून मोठी भीती होती. दिवे लुकलुकले. विल्किनने यंत्रात पाहिलं.

"सहा पॉइंट पाच दोन."

"माझ्याकडे सहा-चार येतात," प्रोफे म्हणाले.

"तुमचा अंगठा वजा केला की तेवढेच होतात." विल्किन हसला. मला म्हणाला, "छान. परत." परत सहा-पाच-दोन. तिसऱ्यांदा सहा-पाच-एक. कुंपणापलीकडे डोन्या फेफाने कढईतली केळी सोडून टाळ्या वाजवल्या. मावशी टोपलीभर शिवण घेऊन सावलीला बसली होती, तिने मात्र वर पाहिलं नाही.

"आता बॅट घे," विल्किन म्हणाला. "मार आणि पहिल्या बेसकडे पळ. कुठे मारतोस याच्याशी मला घेणं नाही."

याची वेळ वेगळी धरतात. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की घड्याळ चालू, पहिल्या बेसवर पाय पडला की बंद. नव्वद फूट. आमचे बेस सिमेंटमध्ये गाडलेत आणि त्यांच्यामध्ये टायर पुरायची प्रथा नाही. त्यामुळे आमच्या मैदानावरचे तेवढेच नव्वद फूट शुद्ध राहिलेत.

प्रोफेंनी हळू चेंडू टाकला, माझ्या बॅटला तो चुकून लागला, मी पळालो.

विल्किनने आपल्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "परत."

चार पॉइंट पाच दोन, चार पॉइंट चार नऊ आणि चार पॉइंट पाच पाच. तिसऱ्या वेळी बेसवर पाय पडल्यावर मी तसाच पुढे गेलो, गुडघ्यांवर हात ठेवले आणि सकाळचं सगळं बाहेर काढलं. केळ्याचं मंगू, अंडं, तळलेला सलामी, ओट्सचं सरबत, गेलं होतं त्याच्या उलट क्रमाने.

विल्किन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तू पळत नाहीयेस," तो म्हणाला.

मी तोंड पुसलं. "पळतोय की."

"साठ यार्ड सहा-पाचमध्ये पळणारा पोरगा पहिल्या बेसला चार-एकमध्ये पोचतो. चार-दोन धर. चार-पाच म्हणजे तू मन लावत नाहीस. दिव्यांसमोर पळतोस आणि खेळात टाळाटाळ करतोस."

"मी आत्ता ओकलो!"

"जास्त खाऊन आला असशील."

ब्राउलिओ मागून म्हणाला, "ते खरंय." मी त्याच्याकडे पाहिलं.

विल्किनने वही काढली. माझी छाती अजून वरखाली होत होती. त्याचं पेन चाललं आणि थांबलं.

"ऐक," तो म्हणाला. "सहा-पाच मी सोडू शकत नाही. वेग शिकवता येत नाही. मी तुला घेतो. मोठा करार नाही होणार, वय झालंय तुझं, पण क्लबच्या अकादमीत जागा देतो. सोमवारी कागद आणतो."

प्रोफेंनी टोपी काढली. त्यांचं टक्कल मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मावशीची सुई थांबली. डोन्या फेफा कुंपणावरून जवळजवळ अलीकडेच पडली.

"पण वहीत मला हा शब्द लिहावा लागतोय," विल्किन म्हणाला. "आळशी. लिहिला नाही तर माझी लाज जाईल. आणि तू वाईट वाटून घेऊ नकोस, कारण मीही आळशी होतो."

"तुम्ही?"

"इथून सहा-सहाची वेळ घेऊन गेलो. तिकडे पहिल्या बेसला चार-चार, चार-पाच. तीन वर्षं मला वाटायचं, मी जीव तोडून पळतोय. अगदी खरंच वाटायचं. मग त्यांनी सोडून दिलं, हातात कागद दिला, त्यात लिहिलं होतं, अंगात वेग आहे, मनात नाही." तो वहीकडे बघत बोलत होता. "आधी मी त्यांना शिव्या दिल्या. नंतर विचार केला, की घड्याळ खोटं का बोलेल? साठ यार्डाची वेळ माझीच होती ना? मग उरलेला वेळ मीच कुठेतरी दडवून ठेवला असणार. माणसाला स्वतःचा आळस कळत नाही. म्हणून मी रोज चारला उठतो. तेरा वर्षं झाली. एक दिवस चुकवला नाही."

आता गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं. मान हलवायची, होय साहेब म्हणायचं, सोमवारी सही करायची आणि अठरावा टायर पुरून जायचं. मी गप्प बसण्यात वाईट नाही, शाळेत सहा वर्षं बसलोय. पण माझ्या तोंडात अजून आंबट चव होती, नाकात सलामीचा वास होता, आणि मला कुणीतरी आळशी म्हणत होतं. मी हळू आहे, हे मी पाच दिवसांपासून जाणून होतो आणि मला त्याचं काही नव्हतं. पण आळशी? एवढं ओकून? आणि समोर हा माणूस, तेरा वर्षं पहाटे चारला उठून स्वतःला शिक्षा करत होता, आठ टायरांसाठी. माझ्या अभिमानाचा आणि त्याच्याबद्दलच्या दयेचा वाटा किती किती होता हे मला नीट सांगता येणार नाही. अभिमान जास्त असावा.

"पोलांको साहेब," मी म्हणालो, "तुम्ही आळशी नव्हता."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही हळू होता."

कुंपणापलीकडे डोन्या फेफाची केळी करपायला लागली.

"सहा-चार, तोंड बंद," प्रोफे म्हणाले.

"मीही हळू आहे," मी म्हणालो. आता सुटलंच होतं. "आळशी नाही, शपथेवर सांगतो, माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी दिलं. माझ्याकडे एवढंच आहे! मावशी, टेप दे."

मावशीने काही न विचारता टेप दिली. विल्किनने ती पाहिली, मग गाडीकडे गेला आणि चाक काढलं. पांढऱ्या खांबापासून तो चालत निघाला. चाक कुरकुर करत होतं. सतराव्या टायराशी पोचल्यावर त्याने आकडा पाहिला. परत मागे गेला. पुन्हा खांबापासून निघाला, पण या वेळी डोळे चाकावर नव्हते. एकेक टायर मागे टाकत, बाजूच्या गवतातून, तो आपल्या टायराला लागून आठवा टायर आहे तिथवर गेला, कारण त्याच्या वेळी रेषा तिथे होती. वाकून आकडा वाचला. मग तिथेच खाली बसला.

"एक मीटर पंच्याहत्तर," तो म्हणाला.

मग त्याने मान वर केली.

"प्रोफे, एक मीटर पंच्याहत्तर कमी."

प्रोफे चिची टायरांकडे बघत होते. ओठ हलत होते, ते मोजत होते. सतरापर्यंत पोचल्यावर टोपी परत डोक्यावर ठेवली. "मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "प्रत्येक टायराला."

मला वाटलं आता विल्किन रडेल, किंवा प्रोफेंना मारेल. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.

"खरे साठ यार्ड कुठून होतील?"

"खांबाच्या मागे पावणेचार मीटर," मी म्हणालो. "म्हणजे डोन्या फेफाच्या अंगणातून."

"डोन्या, येऊ का?"

"ये बाबा, पण कोंबड्या सांभाळ. आणि बूट पुसून."

अशा रीतीने देशातले पहिले खरे साठ यार्ड, निदान आमच्या गावातले सव्वीस वर्षांतले पहिले, एका चुलीपासून सुरू झाले. ब्राउलिओने कुंपणाचं फाटक धरून ठेवलं. मी तिवई आत नेऊन चुलीजवळ लावली. विल्किन खाली वाकला, शर्टाची खोच काढली आणि सुटला. दोन कोंबड्या त्याच्यासोबत निघाल्या. एकीने फाटकापर्यंत आघाडी राखली होती, हे मला नोंदवलंच पाहिजे. चौतिशीचा माणूस, एक गुडघा आवाज करणारा, चेहरा पिळवटलेला, दात बाहेर. आळशी माणूस कसाही दिसत असेल, असा नक्की दिसत नाही.

टायरांना वळसा घालून पलीकडच्या चरात पडता पडता तो सावरला आणि तिथूनच ओरडला, "किती?"

"सात पॉइंट सहा," मी यंत्र वाचलं.

"नक्की?"

"सात-सहा-एक."

तो हसायला लागला. पोट धरून, उसाला टेकून, खोकत, पुन्हा हसत. "सात-सहा!" तो म्हणाला. "आणि मी सगळं दिलं! प्रोफे, तुम्ही पाहिलंत ना? काही शिल्लक ठेवलं का मी?"

"काही नाही, बाळा," प्रोफे म्हणाले. "खडखडाट."

मग मीही पळालो, चुलीपासून. सहा पॉइंट नऊ आठ. विल्किनने ते वहीत लिहिलं. आधीचा 'आळशी' शब्द खोडायला लागला, तर पेन कागदातून आरपार गेलं, इतकं त्याने दाबलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सहा-नऊ-आठला मी अकादमीत जागा देऊ शकत नाही."

"माहितेय."

"बॅटिंगही बघितली मी तुझी."

"तेही माहितेय."

"पण एक सांगतो. इतक्या जोरात पळून इतका उशिरा पोचणारा माणूस मी पाहिला नाही." हे त्याने इतक्या आदराने म्हटलं की मी आभार मानले.

तो गेला. टायर उपटायची हिंमत कुणाची होणार, सतरा आया आहेत. तेव्हा प्रोफेंनी नियम केला की यापुढे आमच्याकडे साठ यार्ड डोन्या फेफाच्या चुलीपासून धरायचे. डोन्या म्हणाली, सकाळी दहानंतर चालेल, त्याआधी मी फरशी पुसते. गावाची सरासरी वेळ एका दिवसात अर्ध्या सेकंदाने वाढली. फादरनी रविवारी नम्रतेवर प्रवचन दिलं. डॉमिनोवाल्यांनी मला सहा-चार म्हणायचं बंद केलं, आणि सहा-नऊ-आठ म्हणायला लांब पडतं म्हणून आता लुइसांदी म्हणतात. सुरुवातीला मी वळून बघायचोच नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मात्र मी मावशीच्या मशीनशेजारी जमिनीवर बसून होतो. करार गेला होता, वय गेलं होतं, सकाळचा नाश्ताही गेला होता. मावशी संघाच्या पँटला नाडी ओवत होती.

"टेप मोजायला घ्यायच्या आधी मला विचारायचंस," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं. तू सात वर्षांचा होतास. मी तुला दुकानातून बर्फ आणायला पाठवायचे आणि तू पाणी घेऊन यायचास."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? असा घामाघूम होऊन यायचास, धापा टाकत, पिशवी छातीशी धरून." तिने दाताने दोरा तोडला. "मला वाटायचं, पोराने काही बाकी ठेवलं नाही. बर्फच जरा जास्त घाईत होता."